टॉवेलखालचा सौदा

मामांनी माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला, बाजारात वांगी बघावीत तसा बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत चाचपून बघितला, आणि आत्यांकडे वळून म्हणाले, "हिलाच धाडा."

"हिला?" आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, हातातलं ताट खाली ठेवलं. "बैलबाजारात? बाईमाणसाचं काय काम तिथं?"

"कुबेरचा हात मऊ हाय. दुकानात बसून बसून लोणी झालंय त्याचं."

कुबेर, म्हणजे माझा नवरा, दारातच उभा होता. जयसिंगपूरच्या पेठेत त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक जिभेवर खेळवण्यात पेठेत कोणी त्याच्या पासंगाला पुरत नव्हतं. तो जरा दुखावलाच. "सौद्याला हात कशाला लागतोय, आप्पा? तोंड लागतं."

"तोंडवाला माणूस नकोच हाय मला," मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

गेले दोन महिने ते असेच भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं थोडं जड झालं होतं, पाय सावरला होता, पण उजवा हात मात्र पांघरुणावर नुसता ठेवून दिल्यासारखा पडून असायचा. डॉक्टरांनी एक लाल रबरी चेंडू दिला होता. दिवसभर दाबत राहा, हात परत येईल, म्हणाले होते. मामांनी पहिल्या दिवशी तो दोनदा दाबला. तिसऱ्यांदा बोटं हलली नाहीत, तसा डाव्या हातानं उचलून खिडकीबाहेर फेकला. मी तो कर्दळीच्या वाफ्यातून शोधून आणून उशाशी ठेवला, की दुसऱ्या दिवशी परत कर्दळीत. शेवटी मी आणायचा सोडला. "आता काय करायचंय हात घेऊन," असं म्हणून ते जेवणसुद्धा अर्ध्यावर सोडायचे.

सत्तरी उलटली तरी पहाटे उठून जोर मारणारा हा माणूस. तो आता हातपाय गाळून पडला होता. खरं सांगायचं तर मला त्या झटक्यापेक्षा त्या भिंतीची जास्त भीती वाटत होती. त्यामुळे बोरगावच्या उरुसाला कोणीतरी गेलंच पाहिजे, असं त्यांनी त्या सकाळी आपणहून सांगितलं, तेव्हा मी आत्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. दोन महिन्यांत त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

आणि दुसरंही एक कारण होतं. त्या टॉवेलखाली काय चालतं ते मला बघायचं होतं.

झाकलेलं काही दिसलं की मला चैन पडत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. माहेरी शिरोळला आई शिंक्यावरच्या दुधावर फडकं घालायची, तर मांजराच्या आधी मी वर चढलेली असायचे. सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात मामांनी त्यांचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा उघडून दाखवला, तेव्हाच ह्या घरात माझं बरं चालणार हे मला कळलं.

डब्यात पैलवान होते. मामांच्या तरुणपणी सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं 'गजराज चहा' काढला होता आणि दर पुडीत एका पैलवानाचं चित्र घातलं होतं. पत्त्याच्या पानापेक्षा थोडी मोठी, जाड पुठ्ठ्याची चित्रं. पुढं लंगोट लावलेला, शड्डू ठोकणारा गडी, मागं नाव, तालीम आणि आवडता डाव. सगळी मिळून चाळीस. आत्या म्हणायच्या, आमच्या गावाला चहाची सवय लागली ती ह्या चित्रांपायी, नाहीतर माणसं ताकावर सुखी होती. पुढं तो चहा बंद पडला, शेवटची चित्रं तर नावाला छापली गेली, पण मामांनी एकेक करून अडतीस पैलवान डब्यात आणून बसवले. कोण कुणाला कुठल्या मैदानात कसा पडला, हे ते चित्र हातात धरून असं सांगायचे की अंगाला माती लागल्यासारखं वाटायचं.

एकोणचाळिसावं चित्र डब्याच्या तळाशी होतं, बटर पेपरात गुंडाळून वर दोरा बांधलेलं. ते कोणालाच दाखवत नसत. आत्यांनासुद्धा नाही. चाळिसावं आमच्याकडे नव्हतं. ते गोकाकला राहणाऱ्या दस्तगीर शिकलगार नावाच्या त्यांच्या दोस्ताकडे होतं. त्याच्याही डब्यात एकोणचाळीसच, आणि त्याला कमी पडणारं चित्र म्हणजे आमच्या दोऱ्यात बांधलेलं. दोन्ही चित्रं दोघांशिवाय तिसऱ्याकडे नव्हती.

"मग एकानं दुसऱ्याला विकून टाकावं की," कुबेर म्हणायचा. "एकाचा तरी संच पुरा होईल."

"विकायला ती काय मोटार हाय?" मामा म्हणायचे.

तर दरसाल बोरगावच्या उरुसात, बैलबाजारात, हे दोघं म्हातारे भेटायचे आणि सौदा करायचे. कसा? बैलांचे दलाल करतात तसा. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं धरून आकडे सांगायचे, म्हणजे भोवतीच्या माणसांना पत्ता लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उरुसात मी लांबून बघितलं होतं. बाभळीखाली पोत्यावर समोरासमोर बसलेले दोघं, मध्ये टॉवेल, टॉवेलखाली हलणारे हात, आणि तोंडावरची माशी हलत नाही. बराच वेळ तसेच बसले. मग दोघांनी मान हलवली, हात काढले, चहा प्यायले आणि आपापली चित्रं घेऊन आपापल्या वाटेला लागले.

येताना मी विचारलं, "तुम्ही काय देऊ केलंत, मामा?"

"दरसाल देतो तेच."

"आणि त्यांनी काय मागितलं?"

"दरसाल मागतो तेच."

एवढंच. घरी पोचेपर्यंत मी नुसती चुळबुळत होते.

उरुसाच्या दिवशी दुपारी त्यांनी मला पलंगाजवळ बोलावलं. दोऱ्यात बांधलेलं चित्र आत्यांकडून माझ्या हातात देवविलं आणि जड जिभेनं, थांबत थांबत सांगितलं, "गेलं न्हाई कोण, तर आपुन हरलो. मैदानात आला न्हाई तो पडला, असा नेम हाय."

"हरलो म्हणजे?"

"दोन्ही चित्रं त्याची. जो जिंकंल त्याच्या घरात दोन्ही."

"सौद्यात जिंकणं-हरणं कसलं, मामा? मी बोली काय लावू?"

"दस्तू शिकवंल. तू येकच ध्यानात ठेव. हात सोडायचा न्हाई. तो 'झालं' म्हणंल तवाच सोडायचा."

"आणि आपल्याला जिंकायचंय की नाही, ते तरी सांगा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी ओठांवर आलं होतं असं मला वाटलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

कुबेरनं स्कूटरवरून मला बोरगावला सोडलं आणि बापाच्या हुकमाप्रमाणे तो भज्यांच्या गाड्याजवळ थांबला. बापाचा हुकूम एरवी तो एवढ्या तत्परतेनं पाळत नसे. मी पदर खोचला आणि बैलांच्या रांगांमधून, शेणातून पाय वाचवत, त्या बाभळीकडे निघाले. रंगवलेली शिंगं, घुंगरं, धुरळा, आणि प्रत्येक दोन पावलांवर कोणाच्या तरी हातांवर टाकलेला टॉवेल. माझ्याकडे माणसं असं बघत होती जणू मीच विकायला आलेय.

बाभळीखाली पोतं आधीच टाकलेलं होतं. त्यावर एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली उतरलेला. शेजारी माझ्याच वयाची एक बाई पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

"चाचा, मी त्रिशला. नेमगोंडा मगदुमांची सून."

"नेमा कुठाय?"

"त्यांना बरं नाही. मला धाडलंय."

चाचांनी मान वर केली ती तशीच राहिली. "काय झालं?"

"अंगावरून वारं गेलं. आता ठीक आहेत, पण..."

"कंचा हात?"

"उजवा."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मांडीवर घेतला, त्याच्या घड्या उलगडल्या, परत घातल्या. त्यांच्याबरोबरची बाई पुढं होऊन म्हणाली, "मी मुमताज, वैनी. ह्यांची लेक. वर्षभर ह्यांचे गुडघे दुखतेत, आणि उरूस आला की हे तरणे होतेत. चित्रांपायी एवढी तंगडतोड कोण करतंय का, तुम्हीच सांगा."

"आमच्याकडेही तीच तऱ्हा आहे," मी म्हटलं. आमचं दोघींचं लगेच जमलं.

"बस, लेकी," चाचा म्हणाले. "तुला धाडलंय म्हंजे इचार करूनच धाडलं असंल त्यानं. दे हात."

मी समोर बसले. हात पुढे केला. त्यांनी टॉवेल टाकला. आता बोटं धरतील, एक बोट म्हणजे शंभर की हजार हे विचारावं का, असं माझ्या मनात चाललं होतं, तोवर त्यांची बोटं माझ्या बोटांत शिरली, तळव्याला तळवा भिडला आणि माझं मनगट मागं वाकायला लागलं.

एक क्षण मला वाटलं, म्हाताऱ्याला फीट आली. मग त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सौदा कसला नि काय! हे दोघं इतकी वर्षं टॉवेलखाली पंजा लढवत होते.

मला हसू फुटलं. हसता हसता माझं मनगट अर्ध्यावर गेलं, तशी मी हसू गिळलं आणि नेट धरला. माहेरी माझ्या वाट्याला दोन म्हशींची धार होती, सकाळ-संध्याकाळ, अगदी लग्नाच्या दिवसापर्यंत. मामांनी माझा हात का चाचपला ते मला आत्ता कळत होतं. मी हात सरळ केला. मग थोडा पुढं रेटला. चाचांचं मनगट हललं.

"वा!" ते पुटपुटले.

आणखी रेटला. अजून हललं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे मनगट मी पाडू शकते. अगदी सहज. त्यांच्या पंजात जोर असा नव्हताच. तीन बोटं लागत होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नुसतं टेकलेलं होतं. एक झटका दिला की दोन्ही चित्रं माझी. ती नेऊन मामांच्या उशाशी ठेवायची. चाळीसच्या चाळीस. मग तरी त्या भिंतीकडचं तोंड इकडं वळेल की नाही? मी त्याच्यासाठीच तर आले होते. माझा हात आपोआप आवळला.

"जेवतोय का तो?" चाचांनी विचारलं.

त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती, ओठ थरथरत होते, आणि ते विचारत होते जेवणाचं.

"अर्ध्यावर सोडतात," मी म्हटलं.

"भाकरी बारीक करून ताकात द्या. आन् चिडतोय का?"

"चिडत नाहीत. गप्प असतात."

"हां. मग वाईट हाय." त्यांनी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. "चिडला पायजे तो. चिडला म्हंजे बरा होतोय."

मला झटका देता आला नाही. त्या हाताला झटका देणं म्हणजे काय ते मला शब्दांत सांगता आलं नसतं, पण हात मागं सरला. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. गेल्या उरुसापर्यंत मामांचा हात नुसत्या मुठीनं सुपारी फोडणारा होता. समोर हा असा पंजा. मनात आणलं असतं तर त्यांनी कुठल्याही वर्षी दोन्ही चित्रं घरी आणली असती. आणली नव्हती.

मी हात सरळ उभा धरला. ना इकडं, ना तिकडं. चाचांचा श्वास मोठ्यानं चालला होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "झालं. बरोबरीत सुटली."

मी टॉवेल बाजूला केला. मुमताज आमच्या अडकलेल्या बोटांकडे डोळे फाडून बघत होती.

"अब्बा! हे काय? तुम्ही अम्मीपुढं शपथ घेतलीती ना, परत कुस्ती खेळणार न्हाई म्हणून?"

"लोकांच्या डोळ्यांदेखत खेळणार न्हाई, अशी शपथ घेतलीती," चाचा शांतपणे म्हणाले. "मग टावेल कशाला हाय?"

मुमताजनं कपाळावर हात मारला. मी इतकी हसले की शेजारचा बैल बिचकला.

मग चाचांनी सगळं सांगितलं. तरुणपणी ह्याच बोरगावच्या मैदानात त्यांची आणि मामांची कुस्ती लागली होती. दिवस बुडाला तरी कोणी कोणाला पाडेना. शेवटी पंचांनी दोघांचेही हात वर केले. चहावाल्या शेठनी दोघांची चित्रं छापली, आणि छापली म्हणजे काय, चहा बंद पडता पडता ज्याचं त्याला एकेक चित्र हातात दिलं. दोघांनी त्याच संध्याकाळी आपलं चित्र दुसऱ्याकडे गहाण टाकलं. पुढल्या उरुसाला निकाल लावायचा, जिंकेल त्यानं दोन्ही न्यायची. पण त्याआधीच उसाची गाडी उलटून चाचांचा खांदा मोडला, आणि बायकोनं शपथ घातली.

"नेमा म्हणाला, खांदा मोडलाय, पंजा न्हवं. ये टावेल घेऊन." चाचा हसले. वरचे दात सगळे गेलेले होते. "आता खरं सांगू का, लेकी? कोणाला बोलू नगंस. धा वर्सं झाली, मीच सोडून देतोय त्याला. म्हातारा झालाय तो. उगं कशाला पाडायचा?"

मी ओठ घट्ट मिटून मान डोलावली. मामांकडची बाजू मी सांगितली नाही.

"आता चित्रं दाखवायची," ते म्हणाले. "नेम हाय."

मी आयुष्यात कुठला दोरा इतक्या घाईनं सोडला नसेल. बटर पेपरातून एक कुरळ्या केसांचा, छाती काढून उभा असलेला देखणा पोरगा बाहेर आला. दोन्ही खांदे एका रेषेत. मागं छापलं होतं, दस्तगीर शिकलगार, आवडता डाव ढाक. चाचांनी ते हातात घेतलं नाही. गुडघ्यांवर कोपरं टेकून, वाकून, नुसतं बघत राहिले.

"वर्सातनं येकदा सोताला बघतो मी," ते म्हणाले. "बाकी वर्सभर नेमाकडं असतोय."

मग त्यांनी आपल्या कोपरीच्या खिशातून दुसरं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. मी बघितलं आणि दचकलेच. माझा नवरा लंगोट लावून उभा होता! तेच नाक, तीच जाड भुवई, तोच हनुवटीचा खळगा. फक्त कुबेरच्या पोटाच्या जागी दगडाची पाटी होती. मामा इतके तरणे होते कधीतरी, हे मला ठाऊक असून ठाऊक नव्हतं. माझे डोळे भरून आले. हे चित्र त्यांनी स्वतः किती वर्षांत घरी बघितलं नव्हतं, आणि दोस्ताकडे ते सुखरूप आहे एवढ्यावर ते खूश होते.

निघताना चाचांनी मला हाक मारली. "नेमाला सांग, दस्तू झकास हाय. लई जोर लावला म्हणावं. मनगट मोडतंय का काय असं झालं, असं सांग."

"सांगते, चाचा."

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. मामा भिंतीकडे तोंड करून होते, पण जागे होते. माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी आत्यांना खूण केली. आत्यांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. कितीतरी दिवसांनी ते असे बसले होते.

"झालं?"

"झालं, मामा. बरोबरीत सुटली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मग डोळे उघडून विचारलं, "जोर किती हुता?"

"पुष्कळ होता. माझं मनगट मोडतंय की काय असं झालं. चाचा अगदी झकास..."

"तोंडानं नको सांगू. दाखव."

त्यांनी डावा हात पुढं केला. आत्या आमच्याकडे बघत राहिल्या. मी माझी बोटं मामांच्या बोटांत घातली आणि चांगला दाबला.

"हे तुझं हाय," मामा म्हणाले. "म्हशीचं. दस्तूचं दाखव."

मी थोडा कमी केला.

"खरं दाखव, त्रिशला."

मला तोंडानं खोटं बोलता आलं असतं, हातानं नाही. मी डोळे मिटले आणि तो पंजा आठवला. तीन बोटं लावली. करंगळी आणि शेजारचं बोट सैल सोडलं. जोर इतका कमी केला की त्यात फक्त थरथर उरली. मामा तो हात धरून बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला दुसरा हात नव्हता. आत्यांनी पदरानं पुसलं.

"गेल्या साली करंगळी लागत हुती," ते म्हणाले.

मी त्यांचा हात पांघरुणावर ठेवला.

"मला इचारलं का त्यानं?"

"तुम्ही जेवता का, विचारलं. आणि चिडता का."

"चिडतो का?" मामांचा आवाज चढला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "आन् तू काय सांगितलंस?"

"गप्प असतात म्हटलं. ते म्हणाले, मग वाईट आहे."

"वाईट हाय म्हणं! सोताची करंगळी बघ म्हणावं आधी!" त्यांनी डाव्या हातानं पांघरूण झटकलं. उशाशी चाचपलं, पलंगाच्या कडेला चाचपलं. "तो चेंडू कुठं टाकलास?"

"मी नाही टाकला, मामा. तुम्ही टाकलात. कर्दळीत."

"मग आण की! बघत काय बसलीस?"

मी विजेरी घेऊन कर्दळीच्या वाफ्यात शिरले. चेंडू चिखलानं माखला होता. तो धुताना मी रडत होते आणि आत, खोलीत, मामा आत्यांवर ओरडत होते की भाकरी अशी कोरडी का वाढली.

पुढच्या उरुसाला मामा स्वतः गेले. उजव्या हातात पेला धरण्याइतपत बळ आलं होतं. मी आणि मुमताज बाभळीला पाठ करून उभ्या राहिलो आणि कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. दोघं किती वेळ टॉवेलखाली होते कोण जाणे. बरोबरीत सुटली, हे काय सांगायला पाहिजे?

ते दोघं आता नाहीत. पत्र्याचा एक डबा माझ्याकडे आहे, एक मुमताजकडे. अलीकडे जुन्या खेळांची असली चित्रं जमवणाऱ्यांची म्हणे मोठी मंडळं झाली आहेत. मुंबईहून एका गृहस्थांचा परवाच फोन आला होता. अपुऱ्या संचात त्यांना रस नाही. दोन्ही डबे एक करा, चाळीस पुरे करा, मग बोलू, म्हणाले. माझी लेक चंदना कॉलेजात आहे. ती परदेशी फुटबॉलवाल्यांची चित्रं फोनवर जमवते, जी हातात धरताही येत नाहीत, आणि आमच्या डब्याला 'आजोबांची चहाची पुडी' म्हणते. तिनंच फोन घेतला होता. "नाही हो काका," ती म्हणाली, "अजून सौदा चालू आहे."

यंदा माझं मनगट सुजलं होतं, म्हणून उरुसाला तिला धाडलं. संध्याकाळी परत आली ती थेट माझ्याशेजारी येऊन बसली. केसांत धुरळा, चपला शेणानं भरलेल्या.

"बरोबरीत, आई."

"आणि मुमताज कशी आहे?"

"मस्त. केवढा जोर लावला त्यांनी! माझा हात गेलाच होता."

मी माझा डावा हात तिच्यापुढं केला. तिनं बोटं अडकवली आणि हसत हसत कडकडून दाबला.

"हे तुझं आहे," मी म्हटलं. "खरं दाखव."